दादानं निवडलेलं मशीन

चिंगी पंचेचाळीस वर्षांची बाई होती. लेक शिकून परगावी नोकरीला लागली होती, केसांत पांढरं डोकावत होतं, तरी भावाच्या तोंडी ती चिंगीच होती. भावाच्या वर्कशॉपात येणारं गिऱ्हाईकही तिला चिंगीताईच म्हणायचं. बावीस वर्षं तिनं तिथं वेल्डिंग केलं. गेट केली, ग्रिल केली, कठडे केले, जिने केले. पाटीवर नाव दादाचं, गिऱ्हाइकाशी बोलणं दादाचं, आणि सांधे बहुतेक सगळे चिंगीचे. पण कुरकुर म्हणून नाही. वडील, म्हणजे आप्पा, गेले तेव्हा दादानंच तिच्या हाती वेल्डिंगचा होल्डर दिला होता. 'बाईमाणसानं कशाला हे आगीचे खेळ खेळायचे?' म्हणणाऱ्यांना दादानंच दारातून परत पाठवलं होतं. असा भाऊ असताना पाटीवर कुणाचं नाव आहे हे कशाला बघायचं?

बघितलं ते एका तिऱ्हाईत बाईनं. ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाईंना वाचनखोलीतून माडीवर जायला लोखंडी गोल जिना हवा होता. त्या दोनदा वर्कशॉपात येऊन गेल्या आणि तिसऱ्यांदा दादा बाहेर गेलेला असताना आल्या. चिंगीला म्हणाल्या, "मी आले की बोलत ते असतात आणि करत तुम्ही असता. जिना तुम्हीच करणार आहात, तर काम तुमच्याच नावानं घ्या ना."

चिंगी हसली आणि विषय टाळला. पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहिलं. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती, तिच्यात तिच्या नवऱ्याची मोडकी भिंतीवरची घड्याळं पडलेली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, सगळे त्याला घड्याळजी म्हणत. बायकोचं बोलणं ऐकून घड्याळजींनी डोळ्याचं भिंग खाली घेतलं आणि म्हणाले, "शेड दोन दिवसांत रिकामी करून देतो. दादाला मात्र तू सांग, मला ते जमायचं नाही."

दादाला तिनं दारातच उभ्याउभ्या एका दमात सांगून टाकलं. दादा चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि मोठ्यानं हसला. "अगं, मग कर की! अशी चोरी केल्यासारखी काय उभी राहिलीयेस? कधीतरी स्वतःचं करायचंच होतंस. मशीन मात्र मी निवडणार हां. दुकानदार तुला काहीतरी गळ्यात मारतील."

चिंगीचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तिनं घड्याळजींना तीन वेळा सांगितलं, दादा असं म्हणाला, दादा तसं हसला, मी उगाच घाबरत होते. घड्याळजी तीनही वेळा "वा" म्हणाले.

आता यंत्रांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. तिला दोन यंत्रं हवी होती. एक वेल्डिंगचं, ज्यातून तार आपोआप सुटत राहते आणि हात न थांबवता लांब सांधा मारता येतो. दुसरा प्लाझ्मा कटर, म्हणजे दाबाच्या हवेतून विजेची ज्वाळा सोडून लोखंड कापणारं यंत्र. वेल्डिंगच्या यंत्रात एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची असते. पूर्ण जोरावर चालवलं तर दहा मिनिटांतली किती मिनिटं ते सलग चालेल आणि किती वेळ निवत पडेल? कुणी दोन मिनिटांत धापा टाकतं, कुणी सहा मिनिटं खेचतं. हे यंत्राच्या पाठीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आणि कटरच्या बाबतीत, दुकानदार जी जाडी सांगतो ती बहुधा फाडायची असते, साफ कापायची नव्हे.

हे सगळं चिंगीला पाठ होतं. मग ती फसली कशी, असं कुणीही विचारेल. त्या घरच्या रीतीमुळे फसली. आप्पांनी दोन्ही मुलांना बजावलं होतं, पाटी वाचू नका, सांधा वाचा. पाटी कारखान्यातला कारकून लिहितो, सांधा यंत्र लिहितं. आणि दुसरी रीत अशी की नव्या यंत्रावर पहिली ठिणगी घरातल्या मोठ्यानं पाडायची, धाकट्यानं तो सांधा वाचायचा. आप्पा होते तेव्हा आप्पा, त्यांच्यामागे दादा. बावीस वर्षांत वर्कशॉपात चार मशीनं आली आणि चारही वेळा असंच झालं होतं. त्या रीतीत एक खोट होती, आणि ती दोघा भावंडांपैकी एकाच्याच ध्यानात आली होती.

यंत्रांच्या दुकानात दादा पुढे, चिंगी मागे. भिंतीशी मोठं मशीन होतं, तिची नजर आधी त्याच्यावरच गेली. दादा म्हणाला, "त्याला थ्री फेज लागेल, तुझ्या घराला सिंगल. नाद सोड." मग एक लहान, लाल रंगाचं, हातात उचलता येईल असं मशीन त्यानं टेबलावर ठेवायला लावलं. मुखवटा घातला, दोन पट्ट्या जुळवल्या आणि ठिणगी पाडली. वीतभर सांधा मारला, मुखवटा वर केला, म्हणाला, "वाच."

चिंगीनं वाचला. एकावर एक बसलेल्या नाण्यांसारखी सारखी लहर, कडेला कुठे खड्डा नाही, कुठे फुगवटा नाही. असा सांधा बघून तिला अजूनही आत कुठेतरी ऊब वाटायची. "छान बोलतंय मशीन," ती म्हणाली.

मशीन कुठलं बोलतंय? बोलत होता दादाचा हात! त्या माणसानं गंजलेल्या बॅटरीवरसुद्धा सरळ सांधा मारून दाखवला असता. आणि वीतभर सांध्याला वेळ लागतो तो किती? मशीन दमायच्या कितीतरी आधी त्यानं मुखवटा वर केला होता. पण हे सगळं नंतरचं शहाणपण झालं.

कटरची पाळी आली तेव्हा दुकानात कॉम्प्रेसर चालू नव्हता. दादानं कटरच्या खोक्यावर ठेवलेला एक तुकडा उचलून तिच्या हातात दिला. दहा मिलिमीटर जाडीची प्लेट, कड काचेसारखी साफ. "हा यांचा नमुन्याचा तुकडा. याच मशीनवर कापलाय. काय हो?" दुकानदार पंख्याकडे बघत "हो हो" म्हणाला आणि पावतीपुस्तक शोधू लागला. चिंगीनं कडेवरून अंगठा फिरवला. तिला जिन्याच्या खांबाखाली अशाच जाडीची प्लेट कापायची होती. तिनं तो तुकडा मागून घेतला आणि पिशवीत टाकला. घरी तो घड्याळजींच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून बसला.

काम सुरू झालं ते मोठ्या उत्साहात. तिनं वर्कशॉपाचा निरोप घेतला, दादानं आपला जुना चामडी एप्रन तिला दिला. ग्रंथपालबाईंनी पन्नास दिवसांची मुदत घातली. पहिल्याच पायरीला, खांबाला धरून जाड सांधा मारायला घेतला, तर अर्ध्यात पिवळा दिवा लागला आणि मशीन बंद. आठ मिनिटं थांबली. पुन्हा सुरू, पुन्हा दिवा. सांधा जिथे तुटतो तिथे तो कच्चा राहतो, मग तो घासायचा आणि पुन्हा मारायचा. चौथ्या दिवशी तिच्यासमोर एक पायरी होती आणि ती पायरी बघून तिला स्वतःचीच किळस आली. कटरनं तर कहर केला. दहा मिलिमीटरची प्लेट त्यानं कापली नाही, चघळली.

आणि चिंगीनं दोष कुणाला दिला? मशीनला नाही. मशीनवर तर दादानं असा सांधा मारला होता की बघत राहावं! मग खोट हातातच असणार. तिनं दादाला फोन लावला.

"दादा, माझा हात बिघडलाय रे. सांधाच बसत नाही."

पलीकडून दादाचा आवाज आला, मऊ, काळजीचा. "होतं गं असं. वय कुणाला चुकलंय? इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी होतीस, मी सावरून घेत होतो, तुला कळलं नसेल. डोळे तपासून घे. नाही जमलं तर कमीपणा वाटून घेऊ नकोस, वर्कशॉप काय परक्याचं आहे?"

मी सावरून घेत होतो! फोन ठेवून चिंगी शेडमध्ये पालथ्या बादलीवर बसली आणि रडली. बावीस वर्षं आपला हात चांगला आहे असं समजून चाललो आणि ते खरं नव्हतं, याइतकं वाईट दुसरं काय असेल? दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. तरी तिनं हट्टानं नवा चष्मा करून घेतला. मनगटाला पट्टा बांधला. रोज सकाळी कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं रेघा मारून हात कापतोय का बघू लागली. कापत नव्हता, तरी कापतोय असं तिला वाटायचं. जेवण सुटलं. बावीस दिवस गेले आणि तीन पायऱ्या झाल्या. जिना चौदा पायऱ्यांचा होता.

तेविसाव्या दिवशी सकाळी घड्याळजी टेबलाशी बसले होते. डोळ्याला भिंग लावलं की समोर येईल ते न्याहाळायची त्यांना खोड. कागदांवरचा तो तुकडा त्यांनी सहज उचलला.

"अगं, ए," त्यांनी हाक मारली. "या कडेला अर्धे अर्धे ठिपके कसले गं?"

"पंचचे," चिंगी स्वयंपाकघरातून म्हणाली. "कापायच्या रेघेवर ठोकतात. मधून कापलं की अर्धे राहतात."

"आणि सगळ्या ठिपक्यांत सारखं अंतर?"

"तीन बोटं. आणि टोकाला दोन जवळजवळ. तसंच ठोकायचं अस..."

तिच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तसंच कुठे ठोकतात? बाकी सगळे खडूनं रेघ ओढतात आणि मोकळे होतात. खडू धुरात पुसला जातो म्हणून तीन बोटांवर पंच आणि टोकाला जोडी, ही रीत आप्पांची. आप्पांनंतर ती जगात दोघांनाच ठाऊक होती. जन्मभर तिनं लोखंडाच्या कडेवर हेच ठिपके पाहिले होते, म्हणून तुकडा हातात आला तेव्हा ते तिला दिसलेच नव्हते. तिनं येऊन तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला. तो दुकानदाराचा नव्हता. तो त्या कटरवर कापलेलाच नव्हता. तो दादाच्या वर्कशॉपात, मोठ्या कटरवर कापलेला होता.

"काय झालं?" घड्याळजींनी विचारलं.

"काही नाही. आलेच मी."

दुकानदारानं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तिनं तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही, काही नाही, फक्त विचारलं, "हा कुणी आणला?"

"ताई, मला यात ओढू नका."

"ओढत नाही. कुणी आणला तेवढं सांगा."

दुकानदारानं मान खाली घातली. "तुमच्या भावानंच, आदल्या दिवशी. मी तुम्हाला ते भिंतीजवळचंच दाखवणार होतो. तेही घरच्या लाइनवर चालतं, नुसती मीटरपासून जाड वायर ओढावी लागते. ते म्हणाले, लहानच दाखवा, महिन्याभरात परत घेऊन येईल ती, तेव्हा मी भरपाई करतो. मला वाटलं घरातली काही गंमत असेल."

"गंमतच आहे," चिंगी म्हणाली.

तुकडा उचलून ती दुकानाच्या पायरीवर आली तेवढ्यात फोन वाजला. ग्रंथपालबाई होत्या. अवघडून बोलत होत्या. "राग मानू नका. तुमचे भाऊ काल येऊन गेले. म्हणाले, तुमची तब्येत बरी नसते, हाताचा त्रास आहे. मुदतीत झालं नाही तर ते जिना पुरा करून देतील. खरं आहे का? मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"हात चांगला आहे माझा," चिंगी म्हणाली, आणि हे म्हणताना महिन्याभरात पहिल्यांदाच तिला ते खरं वाटलं. तेवढ्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग संताप आला आणि ती तशीच वर्कशॉपाकडे निघाली.

दादा वर्कशॉपात एकटाच होता, एका गेटाला बिजागरी बसवत होता. तिला बघून त्यानं मुखवटा वर केला. "ये ये. मी म्हणतच होतो, आज येशील."

तिनं तुकडा त्याच्यापुढे ऐरणीवर ठेवला, ठिपक्यांची कड वर करून. दादानं पाहिलं. त्यानं नाकारलं नाही, तेवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. तो स्टुलावर बसला, हातमोजे काढले आणि म्हणाला, "मग कळलं तर."

"का केलंस?"

"का म्हणजे? तू गेलीस तर इथं उरतं काय? गिऱ्हाईक माझ्या बोलण्यावर येतं आणि तुझ्या सांध्यावर टिकतं, हे काय मला ठाऊक नाही? सरळ थांब म्हणालो असतो तर थांबली नसतीस. म्हटलं, चार दिवस हौस करू दे, जमणार नाही, आपणच परत येईल. मी काय तुझं वाटोळं करायला निघालो होतो? माझ्या घरचं माणूस माझ्या घरी राहावं, एवढंच."

"थांब म्हणायचं होतंस. भांडायचं होतंस. थोबाडीत मारली असतीस तरी चाललं असतं मला."

"चिंगे..."

"मशीनचं मी सोडून देईन रे. पण मी फोन केला होता. हात बिघडलाय म्हणून रडत होते मी. तेव्हा तुला ठाऊक होतं की हाताला काही झालेलं नाही. आणि तू म्हणालास, मी सावरून घेत होतो." तिनं चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. "मी डोळे तपासून आले, दादा. हा चष्मा बघ. कागदावर रेघा मारत बसत होते रोज, कापतोय का बघायला. तू एक शब्द बोलला असतास तर!"

दादा उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे आला आणि तिनं खांदा मागे घेतला तसा मध्येच थांबला. मग घाईघाईनं म्हणाला, "चल, आत्ताच्या आत्ता चल. ते भिंतीजवळचं मशीन घेऊन देतो. कटरही मोठा. मी स्वतः चालवून..."

"नको."

"अगं, या वेळी खरं मशीन निवडतो!"

"ते मला कसं कळायचं?" ती म्हणाली. "मला जे येतं ते सगळं तुझ्या तोंडून आलंय. तार किती सोडायची, हात कुठे धरायचा, कुठलं लोखंड चांगलं. त्यातलं खरं कुठलं आणि मला इथंच अडकवून ठेवायला सांगितलेलं कुठलं? सांग ना. एकेक करून सांग."

"सगळं खरं आहे गं," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो बहुधा खरंच बोलत होता. पण बहुधा! सख्ख्या भावाच्या बोलण्याला बहुधा लावायची वेळ आली होती. चिंगीनं त्यानं दिलेला एप्रन पिशवीतून काढून ऐरणीवर ठेवला आणि ती बाहेर पडली. मागून गेट घासल्याचा आवाज लगेच सुरू झाला. माणसानं काय करावं हे सुचलं नाही की तो हातातलं काम पुढे चालू ठेवतो, दादानंही तेच केलं.

दुकानदारानं लाजेकाजेस्तव दोन्ही यंत्रं परत घेतली. मोठं मशीन त्यानं टेबलावर चढवलं आणि सवयीनं म्हणाला, "दादांना बोलवायचं का आधी?" चिंगीचा हातसुद्धा फोनकडे गेला होता, काय सांगावं! तो तिनं तसाच मागे घेतला. मग पाटीवरचा शब्दन्‌शब्द वाचला. आपली जाड प्लेट आणि घड्याळजी, दोघांनाही तिनं बरोबर आणलं होतं. पूर्ण जोर लावून, घड्याळजींना वेळ मोजायला लावून, तिनं सहा मिनिटं सलग सांधा मारला. दिवा लागला नाही. कटरसाठी कॉम्प्रेसर चालू करायला लावला आणि तीच प्लेट आडवी कापली. घरात मोठं माणूस असताना पहिली ठिणगी तिनं पाडली, आणि कुणी काही म्हणालं नाही.

जिना दोन दिवस आधी उभा राहिला. शेवटच्या पायरीचा सांधा तिनं ग्रंथालयातच मारला, दुपारी, वाचनखोली बंद असताना. मुखवटा वर केला आणि बघत राहिली. इतका चांगला सांधा तिच्या हातून आजवर उतरला नव्हता. घड्याळजी वाकून म्हणाले, "सुंदर झालाय." ग्रंथपालबाई म्हणाल्या, "फारच छान." घड्याळजी तर लहान मशीनवरच्या त्या तीन वाईट पायऱ्यांनाही सुंदरच म्हणाले होते. बाई भल्या होत्या, पण त्यांना जिना दिसत होता, सांधा दिसत नव्हता.

चिंगी खालच्या पायरीवर बसली. सांधा चांगला झालाय हे तिला कळत होतं. पण असा सांधा वाचता येणारा माणूस तिच्या आयुष्यात एकच होता. आज येऊन त्यानं कडेवरून अंगठा फिरवला असता आणि "छान" म्हटलं असतं, तरी ते खरं आहे की नाही हे तिला कधीच कळलं नसतं. ग्रंथपालबाई लगबगीनं पाणी आणायला गेल्या. घड्याळजी काही न विचारता शेजारी बसून राहिले, आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली.